पुनाची मूठ

कानबाईच्या रोटांचे गहू मोजायचा मान आमच्या घरात माझा. आधी तो सासूबाईंचा होता, भिकुबाईंचा. त्या गेल्यावर मोठी सून म्हणून माझ्याकडे आला. मी काही तो मागून घेतला नाही, आणि आजवर कुणाला दिलाही नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांना गिरणीचं पीठ चालत नाही. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सुपात सव्वा सव्वा मूठ गहू टाकायचे. नाव मोठ्याने घ्यायचं, आधी भरली मूठ, वर पाव. मग ते सगळे गहू एकत्र करून जात्यावर दळायचे. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत शेवटचा घास संपवायचा. बायकांच्या नावाची मूठ नसते. आम्ही दळायला असतो.

माझं लग्न होऊन मी चोपड्याच्या बाजूला, या गावात आले तेव्हा निंबाभाऊ, माझे दीर, मिसरूड फुटलेले होते. पुढे त्यांच्यासाठी पोरी पाहिल्या. ते पाहायला जायचे, पोहे खायचे, पोरीत एक खोट काढायचे नाहीत आणि घरी येऊन नको म्हणायचे. मग एका हंगामात एरंडोलकडून केळी कापणाऱ्यांची टोळी आली. त्यात पुना होता. काळा, उंच, तोंडात तंबाखू. हंगाम संपला, टोळी गेली, पुना गेला नाही. विहिरीजवळ मळ्यात निंबाभाऊंनी आणि त्याने मिळून खोली बांधली. एक चूल, एक कंदील, एक बाज. गावाला डोळे होतेच, पण गावाने ते गरजेपेक्षा जास्त वापरले नाहीत. दोघांना गाव जोडीदार म्हणायचं. बैलांना म्हणतात तसं.

त्यानंतरच्या श्रावणात सासूबाई गहू मोजत होत्या. मी समोर सूप धरून होते. सगळी नावं झाली, शेवटचं निंबाभाऊंचं झालं, तरी त्यांनी आणखी एक मूठ भरली आणि नाव न घेता सुपात सोडली. वर पाव टाकला नाही, नुसती मूठ. मी मान वर केली.

"तुनी नजर गहूवर ठेव," सासूबाई म्हणाल्या.

मी ठेवली. त्या गेल्यावर मीही तशीच मूठ टाकत राहिले. मुक्याने. रविवारी पुना आमच्या पंगतीला बसायचा, रोट खायचा, आणि भाऊबंदांपैकी कुणी विचारलं नाही. ते दिवस आठवले की वाटतं, किती सोपं होतं सगळं. तेव्हा सोपंच वाटायचं.

माझी नात पुष्पा नववीत गेली त्या वर्षाची गोष्ट. श्रावणात पाऊस पडून जात नव्हता, नुसता झिमझिमत बसला होता. केळीच्या पानांवर करप्याचे पिवळे डाग, आणि व्यापाऱ्याचा निरोप की घड लवकर कापा. घरात रोज कुणाच्या ना कुणाच्या अंगाला चिखल आणि चीक.

गावच्या शाळेत प्रमिलाबाई म्हणून विज्ञानाच्या बाई होत्या. धुळ्याच्या. एकट्या राहायच्या, बेबाबाईच्या पुढच्या खोलीत भाड्याने. त्यांना जळगावला शिबिराला बोलावलं होतं, त्या नव्या रोगाबद्दल, एड्सबद्दल पोरांना काय सांगायचं ते शिकवायला. तिथून आल्या आणि नववीला शिकवायला उभ्या राहिल्या. तर चिंधाचा गोकुळ मागून बोलला, "बाई, हाऊ रोग आमना गावमा पुना-निंबाले व्हई."

वर्ग हसला. आमची पुष्पा उठून उभी राहिली. त्या दोघांनाही ती आबा म्हणायची. ती म्हणाली, "बाई, माझे आबा वाईट आहेत का?"

बाईंनी खडू ठेवला. मग त्या जे बोलल्या ते पुष्पाने मला घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. "काही पुरुषांचा जीव पुरुषावर जडतो, काही बायांचा बाईवर. अशांना समलिंगी म्हणतात. ते आजारी नसतात, बिघडलेले नसतात, कुणी शिकवून तसे होत नाहीत. असे लोक सगळीकडे असतात. तुमच्या गावात आहेत, तुमच्या वर्गातही असतील. त्यांना हसायचं नाही. आणि रोग काही माणूस बघून येत नाही, तो कुणालाही होतो."

पुना-निंबावरून गाव पेटलं नसतं. 'तुमच्या वर्गातही असतील' यावरून पेटलं. दिवस मावळायच्या आत प्रत्येक आईबाप आपल्या पोराकडे नव्याने बघायला लागला.

माझा लीलाधर, पुष्पाचा बाप, शाळेच्या समितीचा अध्यक्ष. शाळेची जागा आमच्या ह्यांनी हयात असताना दिलेली, तेव्हा अध्यक्ष दुसरा कोण होणार. त्याच्या ओट्यावर माणसं जमली. बाईला इथून काढा, संस्थेला अर्ज करा, सगळ्यांच्या सह्या घ्या. लीलाधर खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला आतून दिसल्या.

दुसऱ्या दिवशी मळ्यात कापणी होती. मी भाकरी घेऊन गेले. कापणीचं या दोघांचं काम बघण्यासारखं असायचं. पुना झाडाला अर्धा घाव घालायचा, झाड हळूच वाकायचं, निंबाभाऊ खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवून खाली उभे. घड खांद्यावर टेकला की पुना दांडा तोडायचा. बोलणं नाही, हाक नाही. घडाचं एक केळ दुखायचं नाही. दोघांच्या सदऱ्यांवर चिकाचे काळे डाग, सारख्याच जागी. केळीचा चीक धुऊन जात नाही.

ट्रक भरणाऱ्यांतला एक पोरगा म्हणाला, "निंबा आबा, तुमना धडा शाळामा लागना म्हने. परीक्षामा ई का?"

बाकीचे खोकल्यासारखे हसले. पुनाचा विळा वर होता. तो आला तो वाकडा आला. झाड एका अंगाला गेलं आणि घड निंबाभाऊंच्या खांद्यावरून निसटून चिखलात पडला. फण्या फुटल्या. पुनाच्या हातून घड पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

ट्रकवाला खाजा खाली उतरला. त्या पोराला म्हणाला, "तेरे को माल भरने का बोला या मुँह चलाने का? चल, उठा." पोराने पडलेला घड बाजूला टाकला. पडलेला घड व्यापारी घेत नाही.

लीलाधर तिथेच वहीत नग मांडत उभा होता. त्याने वर पाहिलं नाही. पुना विहिरीवर गेला आणि कोपरापर्यंत हात घासत बसला. निघणार काही नव्हतं.

मला प्रमिलाबाईंचा राग आला. तशीच चिखलाच्या पायाने बेबाबाईच्या दारात गेले. बेबाबाई पायरीवर तांदूळ निवडत होती. मला पाहून म्हणाली, "बरं झालं आलीस अक्का. मी सांगी दिधं त्यासले, पौर्णिमा झाली का खोली खाली करा. मनं पोरीसनं घर शे."

"तुझ्या पोरींना काय बाई खातात का?" असं मी तिला म्हणाले, आणि आत गेले.

प्रमिलाबाई स्टोव्हवर चहा करत होत्या. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला. मी उभीच राहिले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. आम्ही इतकी वर्षं झाकून जपलं ते तुम्ही फळ्यावर नेऊन मांडलं."

"मी नाही मांडलं, अक्का. पोरांनी मांडलं होतं, हसण्यावारी. मी फक्त हसू नका म्हटलं."

"ऐकू आलं नाही असं करायचं. आम्ही तेच करतो."

"मी केलंही असतं," बाई म्हणाल्या. "पण पुष्पा उभी होती. ती विचारत होती, माझे आबा वाईट आहेत का. तिला मी काय सांगायचं होतं?"

मी त्यांच्या स्टोव्हकडे पाहिलं.

"तुमचा स्टोव्ह भडकतोय. पिन मारा," मी म्हणाले आणि निघाले.

त्या संध्याकाळी जेवताना लीलाधर म्हणाला, "माय, यंदा पुनानी मूठ नको टाकू."

"कसानी मूठ? मी कधी त्यानं नाव लिधं का?"

"माले काय दिसत नही का? धाकला व्हतू तव्हापासून देखी ऱ्हायनू."

"इतला वरीस देखं, तव्हा तुना पोटमा दुखनं नही?"

"तव्हा कोनी बोलत नव्हतं. आते बठ्ठा गाव बोली ऱ्हायना. माले पोर उजवनी शे." त्याने भाकरी तशीच ठेवली. "त्यानी मूठ जर पडनी, तर मी रोट खाणार नही. सांगी ठेवस."

त्याची बायको पुष्पाबरोबर चुलीपाशी बसून होती. पुष्पाची नजर माझ्यावर. मी लीलाधरला अजून एक भाकरी वाढली. तो उठून हात धुवायला गेला. ह्याच लीलाधरला विहिरीत पोहायला पुनाने शिकवलं होतं, कमरेला भोपळा बांधून. पण ते मी बोलले नाही. उपकार मोजून दाखवायची आमच्या घरात रीत नाही.

सकाळी मळ्यात गेले तर खोलीच्या दारात पुनाची पत्र्याची पेटी. निंबाभाऊ विहिरीच्या काठावर बसलेले, पाय आत सोडून, जसं काही त्यांना कुणी तिथे ठेवून गेलं होतं.

"वैनी, बहिनकडे जाई येस, एरंडोलले," पुना म्हणाला.

"जाऊन येणारा पेटी घेत नाही."

पुनाने तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. "पुष्पीले पाव्हणा येतीन तव्हा काय सांगशात? हाऊ कोन शे, इचारतीन. इतला वरीस कोनी इचारं नही, ते चाली गयं."

"निंबाभाऊंना विचारलं का?"

"त्यास्ले काय इचारनं," पुना म्हणाला, आणि मळलेली तंबाखू खाली झटकून टाकली.

निंबाभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या मानेवर घडाचा घट्टा आहे, तो मला दिसत होता.

"रोट खाईसन जाय," मी पुनाला म्हणाले. "गहू मोजाईपासून पौर्णिमालोंग घरना मानूसनी शीव ओलांडू नही."

असा काही नियम नाही. तो मी तिथल्या तिथे केला. पण कानबाईच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायची गावात कुणाची छाती नव्हती. पुनाने पेटी आत नेली.

घरी येऊन मी सुपात गहू घेतले, वर फडकं टाकलं आणि शाळेत गेले. मी शाळेत दुसरीपर्यंत बसलेली. त्यानंतर शाळेत गेले ते झेंडावंदनाला, खुर्चीवर.

हेडमास्तर धावत आले. "अक्का, नववीचा तास चालू आहे. प्रमिलाबाईंना त्या विषयावर बोलायची समितीने बंदी केलीय."

"त्यांना केलीय. मला केलीय का?"

"तसं नाही, पण..."

"तुमची खुर्ची ज्या जमिनीवर आहे ती कुणाची होती?"

हेडमास्तर बाजूला झाले.

वर्गात पोरं उठून उभी राहिली. प्रमिलाबाईंच्या हातात झाडाच्या मुळाचं चित्र होतं, तेवढंच. मी म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. तुम्ही बोलू नका, म्हणजे तुमच्यावर येणार नाही." आणि सूप टेबलावर ठेवलं. "गोकुळ, इकडे ये. तुमच्या घरी कानबाई बसते?"

"बसते, अक्का."

"मूठ कुणाच्या नावाची काढतात?"

"घरना मानसासनी."

मी फडकं पसरून त्यावर मुठी टाकत गेले. ही लीलाधरची. ही निंबाची. आमच्या भाऊबंदांतल्या एकेकाची. शेवटची टाकली आणि म्हणाले, "ही पुनाची." मग हाताने सगळे गहू एकत्र फिरवले.

"आता यातली पुनाची मूठ मला वेगळी काढून दे."

गोकुळ माझ्याकडे पाहत राहिला. मी हात कमरेवर ठेवून उभी. तेव्हा तो खरंच वाकला आणि एकेक दाणा उचलून बघायला लागला. वर्गात हशा झाला.

"हसू नका," मी म्हणाले. "बाईंनी सांगितलंय ना, हसायचं नाही."

गोकुळने हातातले दाणे परत टाकले.

"पुना फार चांगला आहे म्हणून त्याची मूठ काढते असं समजू नका. पुना चिडका आहे. कुठेही तंबाखू थुंकतो. माझं टोपलं नेलं ते अजून परत आणलेलं नाही. घरचं माणूस व्हायला चांगलं असावं लागत नाही. नाहीतर गोकुळ, तुझ्या बापाची मूठ तुझ्या आजीने कशी काढली असती?"

या वेळी कुणी हसलं नाही, फक्त गोकुळ स्वतः जरा हसला.

"बाई म्हणाल्या, या वर्गातही तसं कुणी असेल. असेल तर असेल. त्याने जीव घाबरा करायचा नाही. त्याच्या घरी मूठ निघाली नाही तर त्याने माझ्या घरी यायचं. आमच्याकडे गहू पुष्कळ आहेत."

शेवटच्या बाकावरचं एक पोर चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकलं. बराच वेळ ते वर आलं नाही. मी नजर गव्हावर ठेवली. फडक्याची गाठ मारली आणि बाहेर आले. प्रमिलाबाई दारापर्यंत आल्या, पण बोलल्या नाहीत. त्यांना बोलायची बंदीच होती.

शनिवारी गहू मोजले. ओसरीवर भाऊबंद बसलेले, बायका जात्यापाशी. पुना नेहमीसारखा अंगणात, खांबाला टेकून, घरात ना बाहेर. लीलाधर माझ्यासमोर. मी एकेक नाव घेत गेले. लीलाधरचं घेतलं, निंबाभाऊंचं घेतलं. मग मूठ भरली. हात सुपावर आला तेव्हा ओसरीवर कुणीतरी पान खात होतं त्याचा आवाज थांबला.

सासूबाई मुक्याने टाकायच्या. त्यांचा काळ तसा होता, आणि त्यांनी टाकली हेच पुष्कळ. पण मुकी मूठ कधीही उचलून घेता येते. ती पडलीच नव्हती असं म्हणता येतं.

"पुना," मी म्हणाले. मोठ्याने. आणि मूठ सोडली.

लीलाधर उठला. चप्पल पायात घालून सरळ गेला. त्याच्या जाण्याकडे बघताना पाव मूठ टाकायची राहून गेली.

अंगणात पुना खांबावरून सरळ झाला होता. निंबाभाऊ ओसरीवरून उतरले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. एवढ्या माणसांसमोर असे ते कधी उभे राहिले नव्हते. आमच्या चुलत जावेने जात्याचा खुंटा धरला आणि गाणं सुरू केलं. बेसूर, नेहमीसारखं. त्या वर्षी मला ते गोड लागलं.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, कर्दळीच्या पानांचं मखर केलं. रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. लीलाधरचं पान रिकामं राहिलं. सोमवारी कानबाई नदीवर नेली, तेव्हाही तो मागे मागे, लोकांतून चालत होता. त्याच्या वाटणीचे रोट मी टोपलीत झाकून ठेवले. एकाच्या वाटणीचे दुसरं कुणी खाऊ शकत नव्हतं आणि फेकूही शकत नव्हतं. रोज मी ती टोपली त्याच्या डोळ्यांसमोरून एकीकडून दुसरीकडे ठेवायचे. तो तिकडे बघायचा नाही. बाहेरून भजी खाऊन यायचा.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मळ्यातून सगळे भिजून आले. निंबाभाऊंचा खांदा सोलला होता, पुना त्याला हळद-तेल लावत होता. लीलाधर आला, डोकं पुसलं, पाटावर बसला. बराच वेळ पायाच्या बोटांतला चिखल काढत राहिला.

"माय, ते रोट कडक व्हई गया असतीन."

"कोणते?" मी म्हणाले.

"देऊ नको आते जास्त तरास. वाढ."

मी टोपली पुढे सरकवली. रोट खरंच लाकडासारखे झाले होते. त्याने तुकडा मोडायचा प्रयत्न केला, मोडेना. पुना हात धुऊन उठला. चुलीवरचं दुधाचं भांडं घेतलं आणि लीलाधरच्या थाळीत कोमट दूध ओतलं, लहानपणी ओतायचा तसं, उंचावरून, फेस येईस्तोवर.

"भिजू दे जरासा," पुना म्हणाला.

"हां, आबा," लीलाधर म्हणाला, आणि थाळीवर वाकून खायला लागला. शेवटचा तुकडा संपेपर्यंत वर पाहिलं नाही.

अर्जावर त्याने सही केली नाही हे मला बेबाबाईकडून कळलं. अध्यक्षाचीच नाही म्हणताना बाकीच्यांच्या सह्या वाया गेल्या. बेबाबाईने खोलीचं नाव काढलं नाही. प्रमिलाबाईंनी ते वर्ष पुरं केलं. निकाल लागल्यावर संस्थेने त्यांची बदली धुळ्याच्या शाळेत केली, का ते कुणी सांगितलं नाही. एसटीपर्यंत पोहोचवायला पुष्पाच्या वर्गातली बरीच पोरं आली होती. गोकुळने त्यांची वळकटी टपावर चढवली. मी त्यांना ज्वारीचे बिबडे बांधून दिले आणि सांगितलं, तळताना तेल नीट तापू द्या, तुम्हाला स्वयंपाकातलं काही कळत नाही. त्या हसत हसत रडल्या. बेबाबाई तर नुसतीच रडली.

पुनाची पेटी बाजेखाली गेली. पुढे त्याने तिच्यात भुसा टाकून कोंबडी बसवली. कुठे जायचं नाव नाही.

पुढच्या श्रावणात ओल्या अंगणात घसरून माझं मनगट मोडलं होतं. हात झोळीत. गहू मोजायला मी पुष्पाला समोर बसवलं. मूठ तिची, नावं माझी. लीलाधर दाराच्या उंबऱ्यावर पाठमोरा बसून दोर वळत होता. पुना आणि निंबाभाऊ अंगणात भांडत होते, माझ्या टोपल्यावरून, कुणी नेलं आणि कुठे टाकलं. एकेक नाव होत गेलं. निंबाभाऊंचं झालं. मी पुनाचं नाव घेतलं, पुष्पाने मूठ भरली, सुपात टाकली आणि हात झटकला. मागच्या वर्षी पाहिलं होतं तेवढंच तिने केलं.

लीलाधरने दोर खाली ठेवला. उठून आला. धोतराला हात पुसले, आमच्यामध्ये वाकला आणि पायलीतून चिमटीपेक्षा मोठे, मुठीपेक्षा लहान असे गहू उचलले. पुरुषाने त्या सुपात हात घालायची आमच्यात रीत नाही.

"त्यानी बी सव्वाच ऱ्हास," तो पुष्पाला म्हणाला, आणि पाव मूठ वर टाकून परत दोर वळायला बसला.